तारीख घातलेली पिशवी

कपाट उघडायला प्रयोगशाळा सहायकांना तीन किल्ल्या लावून पाहाव्या लागल्या. घाटावरचं तालुक्याचं गाव, जुनं महाविद्यालय, दुपारचा एक. प्रॅक्टिकल आटोपून मुलं निघून गेली होती, मागे हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास तेवढा राहिला होता. सगळ्यात खालच्या कप्प्यात, फुटक्या ब्युरेटांच्या मागे, एक तपकिरी बाटली. लेबल निम्मं कसरीने खाल्लेलं. उरलेल्या निम्म्यावर ‘युरेनिल ॲसिटेट’ एवढं वाचता येत होतं. सहायकांनी फडक्यात धरून ती खिडकीसमोर नेली. तळाशी बोटभर पूड होती, हळदीपेक्षा पिवळी, किंचित हिरवट झाक असलेली.

“मी लागलो तवापासून इथंच हाये ही,” ते म्हणाले. “कोणी हात लावत नाही. फेकाव म्हटलं त फेकाव कुठी?”

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘उरलंसुरलं’. मी खामगावच्या सराफ्यातल्या झारेकऱ्यांवर लिहायचं ठरवलं होतं. दुकानापुढची धूळ झाडून तिच्यातून चांदीचे कण काढणारी ही माणसं. विषय माझ्या पायाखालचा आणि सोपाही. पण त्या सहायकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. बाटलीतल्या पुडीत युरेनियम आहे. एके काळी सोडियम ओळखण्यासाठी हे क्षार महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून सर्रास वापरात होते. मग अभ्यासक्रम बदलला, पद्धत गेली आणि बाटली राहिली. शेजारच्या पदार्थविज्ञान विभागात गायगर काउंटरच्या प्रयोगासाठी आणलेल्या कोबाल्ट आणि सीझियमच्या चकत्या होत्या, बटणाएवढ्या, प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या, शिशाच्या डबीत ठेवलेल्या. डबीवर तारीख होती. बाटलीवर नव्हती. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

अणुकचरा म्हटलं की आपल्याला तारापूर आठवतं, फार तर तुर्भे. बुलढाणा जिल्ह्यात अणुभट्टी नाही, म्हणून हा विषय आपला नाही, असं मीही धरून चालले होते. मग मावशी आठवली.

मावशीचा मान

माझी मावशी नांदुऱ्याची. काही वर्षांपूर्वी तिच्या थायरॉईडला कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि गाठीचा जो काही अंश मागे राहिला असेल तो संपवण्यासाठी तिला मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. शास्त्र तसं सरळ आहे. शरीरात आयोडीनची भूक थायरॉईडच्या पेशींना. त्यांना साध्या आयोडीनऐवजी आयोडीन-१३१ खाऊ घातलं की त्या ते हावरटपणे ओढून घेतात, आणि त्यातून निघणारे बीटा कण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या टप्प्यातच त्यांचा निकाल लावतात. सोबत गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येतात, म्हणून पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवायचं.

पेशींना लागलं नाही ते आयोडीन कुठे जातं? बरंचसं पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. मावशी त्या खोलीत एकटी होती. शिशाचं दार, जेवण दाराशी ठेवलेलं, डॉक्टर दुरूनच बोलणार. संडासासाठी सूचनांची पाटी: बसूनच करावं, दोनदा पाणी सोडावं, हात भरपूर धुवावेत. त्या संडासाचा नळ इमारतीच्या गटाराला जोडलेलाच नव्हता. तो तळघरातल्या स्वतंत्र टाक्यांकडे जात होता. मावशीला हे तिथल्या मावशींनी, म्हणजे आयाबाईंनी सांगितलं.

“काय सांगू माय तुले,” परत आल्यावर मावशी म्हणाली, “तीन पोरं झाली, साठ वर्सं संसार झाला, पण माह्या मुताले एवढा मान कोनंच देला नवता. त्याच्यासाठी अल्लग टाकी बांधून ठेवली त्यायनं!”

त्या टाक्यांना ‘डिले टँक’ म्हणतात. किमान दोन असतात. एक भरत असते तेव्हा दुसरी बंद, नुसती थांबलेली. भरलेल्या टाकीत काहीही टाकायचं नाही, काहीही करायचं नाही. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. पुरेसे आठवडे गेले की पाण्याचा नमुना मोजतात, मर्यादेच्या खाली आला तर मग सोडतात. सगळी हुशारी टाक्या केवढ्या बांधायच्या या गणितात आहे: आठवड्याला किती पेशंट, प्रत्येकाला किती डोस, माणशी किती पाणी. म्हणूनच ‘दोनदा पाणी सोडा’ आणि ‘उगाच पाणी सोडू नका’ या दोन्ही सूचना एकाच पाटीवर असतात. पाणी कमी पडलं तर भांड्याला आयोडीन चिकटून राहतं, जास्त पडलं तर टाकी वेळेआधी भरते.

गर्दीचा लांबचा प्रवास टाळायला सांगितलं होतं, म्हणून रेल्वे सोडून गाडी केली. मावसभाऊ ड्रायव्हरशेजारी, मावशी मागच्या सीटच्या दुसऱ्या टोकाला. नांदुऱ्यात घरी सून बाळंतीण होती. काही दिवस मावशीने नातू घेतला नाही, ताट-वाटी वेगळी ठेवली. गल्लीत चर्चा सुरू झाली की म्हातारी रात्री चमकते. खरी गंमत अशी की महिना उलटला, मावशीतलं आयोडीन जवळपास संपलं, तरी गल्लीची भीती कायम होती. भीतीचं अर्धायुष्य कोणी मोजलेलं नाही.

मेहकरचा मुलगा आणि त्याची वही

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना थायरॉईड, हाडं, हृदय यांचा ‘न्यूक्लिअर स्कॅन’ काढायचा तर छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरसारखं शहर गाठावं लागतं. ३ ऑगस्टला मी संभाजीनगरच्या अशाच एका केंद्रात गेले. तिथला तंत्रज्ञ मेहकरचा निघाला. छातीवर बिल्ला, हातात दुहेरी मोजे, आणि बोलणं आमच्याकडचं, त्यामुळे परकेपणा पाच मिनिटांत गेला.

जिथे औषध तयार करतात त्या खोलीला ‘हॉट लॅब’ म्हणतात. नाव ऐकून मला वाफा निघणारं काहीतरी वाटलं होतं. प्रत्यक्षात एसीची गारठवणारी खोली. ओट्यावर शिशाच्या विटांची भिंत, तिच्यावर तिरकी जाड शिसेयुक्त काच. काचेतून पाहायचं आणि विटांच्या मागे हात घालून काम करायचं. ओट्यावर अंथरलेला कागद वरून टिपकागदासारखा आणि खालून प्लॅस्टिकचा. थेंब सांडला तर वर शोषला जातो, ओट्यापर्यंत पोचत नाही. कोपऱ्यात टेक्नेशियमचा ‘जनरेटर’, शिशाच्या कवचातला डबा. आत मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचं हळूहळू टेक्नेशियम बनत राहतं आणि रोज सकाळी सलाइन ओढून ते काढून घ्यायचं. जगभरची ही मंडळी याला ‘गाय दोहणं’ म्हणतात. “सकाळी आल्यावर पहिलं काम दूध काढायचं,” तो म्हणाला, आणि घरी खरोखर दोन म्हशी आहेत हेही सांगितलं.

माझं काम दुधाशी नव्हतं, शेणाशी होतं. सुई, सिरिंज, कापूस, मोजे, तो टिपकागद, पेशंटने ओकारी काढली तर ती पुसलेलं फडकं, हा इथला रोजचा कचरा. पायाने उघडणाऱ्या, आतून शिसं लावलेल्या डब्यांत तो पडतो. डबे मूलद्रव्यागणिक वेगळे. पिशवी भरली की बांधायची, वर चिठ्ठी: काय आहे, कोणत्या तारखेला बांधली, पृष्ठभागावर मीटर काय दाखवतं, कोणी बांधली. तीच नोंद वहीत. मग पिशवी मागच्या खोलीतल्या कपाटात.

“आणि मग?”

“मग काही नाही. बसू द्यायचं.”

हे मला फार आवडलं. आपल्याकडे कचऱ्याचं काहीतरी ‘करावं’ लागतं: जाळा, पुरा, वाहून न्या. इथे त्याला बसू देतात. किरणोत्सारी मूलद्रव्याचं एक अर्धायुष्य असतं. तेवढ्या काळात त्याचा जोर निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचा निम्मा. भाकरीची अर्धी, तिची अर्धी, असं दहा वेळा केलं तर हजाराव्या भागाहून कमी उरतं, नेमकं १०२४ वा भाग. म्हणून दहा अर्धायुष्यं हा इथला ठोकताळा. टेक्नेशियम-९९एम सहा तासांचं, त्याची पिशवी अडीच दिवसांत मोकळी. पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांचं. आज सकाळचा कापूस उद्या सकाळी साधा कापूस. आयोडीन-१३१ ला ८० दिवस. संशोधनशाळांत वनस्पतींच्या, जनुकांच्या कामाला लागणारं फॉस्फरस-३२ घेतलं तर पाच महिन्यांच्या आसपास. आयोडीन-१२५ असेल तर ६०० दिवस.

आता या यादीतच खरी मेख आहे. टेक्नेशियमच्या पिशवीत चुकून आयोडीन-१२५ ची एक नळी पडली तर अडीच दिवसांत सुटणारी पिशवी दीड वर्षाहून जास्त अडकते. आणि चूक चिठ्ठीवर आलीच नाही, तर ती तिसऱ्या दिवशी बाहेर जाते. म्हणून कचऱ्याची वर्गवारी टाकतानाच करायची. नंतर पिशवी उघडून निवडत बसणं म्हणजे हातांना विनाकारण डोस.

ठोकताळ्यावर कोणी पिशवी सोडत नाही. मुदत भरली की मीटर लावतात. काटा खोलीतल्या नेहमीच्या पातळीला आला तरच ती सुटते. सुटण्याआधी एक शेवटचं काम असतं, त्याची मी अपेक्षा केली नव्हती. चिठ्ठी फाडायची आणि पिशवीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह काळ्या शाईने खोडायचं.

“का?”

“नाही खोडलं त बाहेर कोणीतरी घाबरते. आणि एकदा लोकायनं पाह्यलं का चिन्ह असूनही काही होत नाही, का मग खरं चिन्ह आलं तरी घाबरत नाहीत.”

इतका वेळ अणुऊर्जा कायद्याखाली असलेली पिशवी चिन्ह खोडल्यावर साध्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत येते आणि त्यांनुसार पुढे जाते. भारतात किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ चे आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ चं, अणुशक्तिनगरात. अशा केंद्रात या सगळ्याला जबाबदार असा एक किरणोत्सार सुरक्षा अधिकारी मंडळाच्या मान्यतेने नेमावाच लागतो. कोबाल्टसारखा मोठा स्रोत घ्यायचा असेल तर थकल्यावर तो परत नेण्याची हमी विकणाऱ्याकडून आधी घ्यावी लागते. घरात नवरी आणण्याआधी तिच्या माहेरी परत जायच्या तिकिटाची सोय, असा हा उलटा व्यवहार, पण शहाणपणाचा.

जाता जाता एक गैरसमज. बुलढाण्यात, चिखलीत, मलकापुरात गल्लोगल्ली एक्स-रेची दुकानं आहेत, त्यांचा यात काही संबंध नाही. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थच नसतो. बटण बंद, किरण बंद. जुनं यंत्र भंगारात गेलं तर त्यातलं तेल आणि शिसं यांची काळजी करावी, किरणांची नाही.

गॅसबत्तीची जाळी

सैलानीच्या यात्रेत लहानपणी पाहिलेल्या गॅसबत्त्या कोणाला आठवतात? रेशमी जाळीची पिशवी दिव्याला बांधायची, एकदा जाळून घ्यायची, मग ती राखेची नाजूक पिशवी पांढऱ्या उजेडाने फुलायची. त्या जाळीला आम्ही ‘मेंटल’ म्हणायचो. ती थोरियमच्या क्षारात भिजवलेली असे. म्हणजे किरणोत्सारी. ती फुटली की राख आम्ही फुंकरीने उडवत होतो. तेवढं केलं नसतं तर बरं झालं असतं, कारण असले कण बाहेर फारसं काही करत नाहीत, श्वासातून आत गेले तर करतात.

थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. ऐकून धडकी भरते, आणि इथेच सगळे चुकतात. अर्धायुष्य लांब म्हणजे अणू फुटायची घाई कमी. आठ दिवसांत निम्मं होणारं आयोडीन उतावळं, थोरियम आळशी. एका ग्रॅमला एक ग्रॅम धरला तर आयोडीन-१३१ चा मारा थोरियमच्या सुमारे एक लाख कोटी पट. उतावळा भयंकर असतो पण दोन-तीन महिन्यांत संपतो. आळशी फारसं काही करत नाही पण जात नाही. खरी डोकेदुखी मधल्यांची: कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांचं, सीझियम-१३७ तीस वर्षांचं. जोरही आहे आणि माणसाच्या आयुष्याएवढा टिकाऊपणाही.

शेतकऱ्याच्या घरात तर हे रोजचंच. पोटॅशियमचा एक बारीक अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत सेकंदाला सात लाखांवर अणू फुटत असतात. ती गोणी आपण खांद्यावर वाहतो, तिच्यावर बसून चहा पितो, आणि त्याने काही होत नाही. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येच सेकंदाला चार हजारांच्या वर फुटतात. आपल्याकडे खरिपात वर्षानुवर्षं पेरला गेलेला टीएयू-१ हा उडीद ट्रॉम्बे आणि अकोला यांचा मिळून, १९८५ चा. किरणांनी बदल घडवलेल्या वाणाच्या संकरातून निघालेला. किरण बियाण्यावरून गेले, बियाण्यात राहिले नाहीत. उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन शिल्लक राहत नाही, तसंच.

हे सगळं सांगितल्यावर प्रयोगशाळेतले ते सहायक म्हणाले, “म्हणजे बाटली काहीच करत नाही?” तसंही नाही. युरेनियमही आळशी गटातलं. त्याचे अल्फा कण काचेतून बाहेर येत नाहीत. पण पूड उडाली, नाका-तोंडात गेली, तर आधी मूत्रपिंड धरते, किरणांपेक्षा जड धातू म्हणून. बेसिनमध्ये ओतणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग.

“हे त पंख्याचं पातं हाये”

खामगावात एका भंगारवाल्याकडे गेले. वहीच्या पानावर तीन पाकळ्यांचं ते चिन्ह काढून त्यांना दाखवलं.

“पंखा,” ते म्हणाले. “एक्झॉस्टचं पातं.”

“असं चित्र असलेली, दिसायला लहान पण उचलवत नाही इतकी जड वस्तू आली तर?”

“जड म्हणजे शिसं. शिशाले भाव हाये. फोडून पाहू.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये हेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ‘गॅमासेल’ नावाचं संशोधनाचं यंत्र होतं, १९६८ पासूनचं, आत कोबाल्ट-६०. १९८५ नंतर ते कोणी वापरलं नाही. पंचवीस वर्षं एका खोलीत पडून राहिलं. त्यावर काम करणारे निवृत्त झाले, आणि २०१० च्या फेब्रुवारीत अडगळ काढताना ते भंगाराच्या लिलावात गेलं. मायापुरीच्या दुकानात ते फोडलं. एकाने आतला तुकडा पाकिटात ठेवला. लोकांची कातडी काळी पडली, केस गळले, उलट्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांना शंका आली तेव्हा एप्रिल उजाडला होता. एक कामगार दगावला.

मी हिशेब करून पाहिला. यंत्रातला स्रोत मुळातलाच होता असं धरलं तर १९६८ पासून कोबाल्टची आठ अर्धायुष्यं उलटली होती. जोर मूळच्या अडीचशेव्या भागावर आला होता. तरी माणूस मेला. मेहकरचा मुलगा मीटर लावल्याशिवाय पिशवी का सोडत नाही, ते मला इथे नीट समजलं.

ब्राझीलच्या गोइआनिया शहरात १९८७ मध्ये सोडून दिलेल्या दवाखान्यातलं सीझियमचं यंत्र असंच फोडलं गेलं. अंधारात निळसर चमकणारी पूड लोकांनी अंगाला लावली, नातेवाइकांत वाटली. चार जण गेले, लाखाच्या वर लोकांची तपासणी करावी लागली. आणि तुकडा कोणाच्या लक्षात न येता भट्टीत गेला तर? २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. पोलाद भारतातून गेलं होतं. खामगावच्या त्या दुकानदारांना मी विचारलं, तुमचं लोखंड कुठे जातं? “जालन्याले. भट्टीत.” देऊळगाव राजाची हद्द ओलांडली की जालना, आणि तिथल्या भट्ट्या भंगारावरच चालतात. वितळलं की चिन्हही वितळतं.

मग मी दुसरं चित्र काढलं. तीन पाकळ्यांचं चिन्ह लोकांना कळत नाही हे जगालाही उमगलं, म्हणून २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोण, वर पाकळ्या, खाली निघणाऱ्या लाटा, कवटी, आणि बाणाच्या दिशेने पळणारा माणूस. ते यंत्राच्या आत, फोडणाऱ्यालाच दिसेल असं लावायचं असतं.

त्यांनी क्षणभर पाहिलं. “हे समजलं. मरतो, म्हणून पळतो.”

लखुजीरावांची समाधी आणि लोणारची काच

जे बसू देऊन संपत नाही त्याचं काय? वापरून थकलेले कोबाल्टचे स्रोत जाड शिशाच्या भांड्यात पुरवठादाराकडे परत जातात. आपल्याकडे तो बहुतेक वेळा वाशीचं ब्रिट, म्हणजे अणुऊर्जा खात्याचं समस्थानिक मंडळ. शेवटचा मुक्काम अणुऊर्जा खात्याच्या जागांवर. तिथे द्रव कचऱ्याचा गाळ सिमेंटमध्ये घट्ट करतात, मोजे-कापूस दाबून आवळतात, आणि जमिनीत दगडी किंवा काँक्रीटच्या चरांमध्ये ठेवतात. जास्त तीव्र असेल ते चारेक मीटर खोल, काँक्रीटच्या नळकांड्यांत. भोवती बोअर मारलेले असतात, त्यांचं पाणी तपासत राहायचं. किती काळ? साधारण ३०० वर्षं, कारण तीस वर्षांच्या सीझियमची दहा अर्धायुष्यं तेवढीच.

तीनशे वर्षं कोण सांभाळणार, असं मला वाटत होतं. मग लोणारच्या वाटेत सिंदखेड राजा लागलं. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव १६२९ मध्ये देवगिरीवर मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडला उभी आहे, दगडी, भक्कम, आणि आत कोण आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. त्या साली कोणी तिथे सीझियम पुरलं असतं तर एव्हाना त्याची तेरा अर्धायुष्यं उलटून गेली असती. दगड टिकतो, हे तर दिसतंच होतं. गावाने नाव टिकवलं, हे मला जास्त मोठं वाटलं.

सिंदखेडवरून लोणारला गेले. विवराच्या काठावर उभी असताना मला त्या तंत्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला आठवत होता. त्या बिल्ल्यात स्फटिकांच्या पातळ चकत्या असतात. किरण लागले की त्यांची ऊर्जा स्फटिकात अडकून बसते; दर तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीला जातो, तिथे चकती तापवली की अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. जितका उजेड तितका डोस. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट, ही मर्यादा त्या उजेडावर जोखली जाते; सामान्य माणसाला मर्यादा एकाची.

लोणारच्या उल्केच्या धडकेत वितळून काच झालेल्या खडकाचं वयही आधी याच रीतीने काढलं होतं. काच तापवायची, उजेड मोजायचा, इतक्या वर्षांत परिसराच्या किरणांचा किती डोस साठला ते पाहायचं. उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं. नंतर त्याच काचेतल्या पोटॅशियमपासून बनलेला आर्गॉन वायू मोजला, म्हणजे खताच्या गोणीतलंच ते पोटॅशियम, तेव्हा वय निघालं पाच लाख सत्तर हजार. एकाच काचेवर दोन घड्याळं, आणि दोघांत दहा पटींहून जास्त फरक. चूक कोणाची, यावर शास्त्रज्ञांचा कौल आता दुसऱ्या घड्याळाकडे झुकतो. मला एवढंच दिसलं की सुरुवातीची तारीख कोणी लिहून ठेवली नसली की किती खटपट करावी लागते.

परत कपाटापाशी

महाविद्यालयात दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाटलीचा मुक्काम बदलला होता. बूच न उघडता ती झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा तामचिनीच्या ताटलीत, ताटली कुलपाच्या कपाटात. डब्यावर नवी चिठ्ठी: पदार्थ, अंदाजे वजन, ‘उघडू नये’, तारीख. साठा-नोंदवहीत तिला पहिल्यांदाच एक ओळ मिळाली. युरेनियम अणुऊर्जा कायद्याखालचा विहित पदार्थ आहे, त्यामुळे पुढे काय करायचं हे विचारणारं पत्र प्राचार्यांच्या सहीने नियामक मंडळाकडे जायचं आहे. मसुदा सहायकांनीच केला होता. त्यात एक वाक्य मला फार नेमकं वाटलं: सदर बाटली केव्हा व कोणी आणली, याची नोंद उपलब्ध नाही.

तुमच्या शाळेच्या, महाविद्यालयाच्या, जुन्या दवाखान्याच्या अडगळीत असं काही असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत ते काढून टाकू नका. आधी त्यावर आजची तारीख घाला. आणि भंगारात ती पाकळ्यांची जड वस्तू दिसली तर फोडू नका, दूर व्हा, लोकांना दूर ठेवा आणि ११२ ला फोन करा.

संभाजीनगरच्या त्या कपाटात मी गेले त्या दिवशी आयोडीन-१३१ ची एक पिशवी बांधली गेली होती. चिठ्ठीवर ३ ऑगस्ट. तिचे ८० दिवस २२ ऑक्टोबरला भरतात. त्या दिवशी मीटरचा काटा हलला नाही, तर हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तिच्यावरचं चिन्ह खोडून झालेलं असेल.